मापाच्या वहीतले नाव

म्हैसूरहून परत येऊन मला तीन आठवडे झाले. सांगलीत जो भेटतो तो विचारतो, राजवाडा पाहिलात का, चंदन आणलेत का. राजवाडा मी पाहिला, पण बसच्या खिडकीतून. चंदन आणले नाही. मी गेले होते माझ्या धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या, एका अर्जासाठी.

सुधाकर श्रावणात गेला. हृदय, असे डॉक्टर म्हणाले. दिवाळीनंतर त्याच्या नावाने आलेले एक सरकारी पत्र म्हैसूरच्या त्याच्या घरमालकांनी मला पाठवले. दिव्यांगांच्या हक्कांसाठी नेमलेल्या आयुक्तांची म्हैसूरला सुनावणी आहे, अर्जदाराने गुरुवारी हजर राहावे, असे त्यात लिहिले होते. तेहतीस वर्षे मी शाळेचे ग्रंथालय सांभाळले आहे. आलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते, एवढे मला कळते. काय उत्तर द्यायचे ते कळत नव्हते. अर्जदार नाही म्हणून अर्ज मागे घ्यायचा, की त्याच्या जागी आपण उभे राहायचे? तो काय म्हणाला असता, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. अर्ज केल्याचे त्याने मला कधी सांगितलेही नव्हते.

सोमवार, म्हैसूर

स्टेशनवर नारायणराव घ्यायला आले होते. सुधाकर अकरा वर्षे त्यांच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत राहिला. नारायणराव सत्तरीचे, बारीक अंगाचे. गळ्यात तुळशीची माळ आणि माळेवरच मापाची टेप. टेप काढून ठेवायला ते विसरले होते.

"बन्नी अक्का, बन्नी," ते म्हणाले. म्हणजे या. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. घरात विठोबाची तसबीर आहे, एकादशीला भजन आहे आणि मराठीही आहे. फक्त तिच्यातले वाक्य मराठीत निघते आणि बऱ्याचदा कानडीत पोचते.

जेवायला नाचणीचा मुद्दा होता. मुठीएवढा तपकिरी गोळा आणि वाटीभर सार. मी घास तोंडात घेतला आणि भाकरी चावावी तसा चावू लागले. तो दाताला, टाळूला, सगळीकडे चिकटला.

"अय्यो, चावायचं नाही अक्का, गिळायचं!" नारायणरावांच्या पत्नी, कमळाबाई, हसत म्हणाल्या. "सुधाकर पण पयल्या दिवशी असंच. अर्धा तास चावत बसला होता, एक मुद्दा!"

आम्ही तिघेही हसलो. मग मी पुढचा घास न चावता गिळला.

सुधाकरची खोली त्यांनी तशीच ठेवली होती. खाट, पुस्तकांची फळी, भिंतीला टेकवून ठेवलेला पायाचा लोखंडी ब्रेस. लहानपणीच्या पोलिओने त्याचा डावा पाय गेला होता. हेब्बाळच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात तो कटिंग मास्टर होता. फळीवर एक फाइल सापडली. तिच्यात अर्जाची प्रत होती आणि दिव्यांगांच्या हक्कांचा छापील कायदा, दोन्ही इंग्रजीत. महत्त्वाच्या ओळींखाली त्याने कापड कापायच्या निळ्या खडूने रेघा ओढल्या होत्या. वाचता वाचता माझी बोटे निळी झाली.

अर्जात दोन गोष्टी होत्या. त्या कारखान्यात कामगाराला ऑफिसात बोलवायचे तर लाउडस्पीकरवरून पुकारतात. इतरांना नावाने पुकारतात, सुधाकरला 'कुंटा' म्हणून पुकारायचे. कानडीत कुंटा म्हणजे लंगडा. हे बंद व्हावे आणि तसे लेखी मिळावे, ही पहिली मागणी. समान संधीचे धोरण लिहून लावणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, ते या कारखान्याने लावावे आणि अशी तक्रार ऐकायला एक माणूस नेमावा, ही दुसरी. शेवटी एक ओळ होती: 'माझ्याबरोबरच्या एका महिला कामगारालाही असेच पुकारतात. तिच्या इच्छेवरून तिचे नाव लिहिलेले नाही.'

संध्याकाळी मी दुकानात बसले होते. नारायणरावांनी मापाची जाड वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. अक्षरे कानडी, मला वाचता येईनात. "सुधाकरचं पान दाखवता का?" मी विचारले.

त्यांना ते लगेच सापडले. "कंबर चौतीस. डावा पाय दीड इंच कमी. मांडीला ब्रेससाठी घेर जास्ती, आतून चेन. हा असला पँट कुणाला जमत नाही अक्का, फक्त मला जमतो."

आकड्यांच्या वर एक ओळ होती. त्यांचे बोट त्या ओळीवरच होते.

"वर काय लिहिलंय?"

"नाव, अक्का. नाव असतंय वरती," ते म्हणाले आणि वही मिटली. त्यांचा आवाज बसला होता. माझाही बसला होता, त्यामुळे मला त्यात वेगळे काही वाटले नाही.

मंगळवार, हेब्बाळ

कारखाना पाहायला मी एकटीच निघाले. बसमधून चुकीच्या ठिकाणी उतरले ती एका अफाट मोठ्या कॉम्प्युटर कंपनीच्या फाटकासमोर. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले-मुली कंपनीच्या बसमधून उतरत होती. पहारेकऱ्याने माझ्या हातातला पत्ता वाचला आणि हाताने 'तिकडे, लांब' अशी खूण केली. तिकडे खरेच लांब होते. वाटेत टपरीवर कॉफी प्यायले. आपल्याकडे चहाला जेवढी साखर घालतात तेवढी ते कॉफीला घालतात, आणि पेला हातात धरवत नाही इतका गरम असतो.

कारखान्याच्या आत मला सोडले नाही. मी फाटकाशी उभी राहिले. तेवढ्यात आवारातला लाउडस्पीकर खरखरला आणि आतून काहीतरी पुकारले गेले. मला कानडी येत नाही, पण त्यातला एक शब्द मी आदल्याच दिवशी वाचला होता. फक्त त्याचे रूप स्त्रीलिंगी होते. कुंटी. जरा वेळाने निळ्या साडीतली एक बाई लंगडत आवार ओलांडून ऑफिसकडे गेली. भरभर गेली. कुणी वळून पाहिले नाही.

मी कोण ते पहारेकऱ्याने आत कळवले असावे. सुपरवायझर स्वतः बाहेर आले. पन्नाशीचे, केस पांढरे झालेले. त्यांनी मला खुर्ची मागवली, पाणी मागवले. ते हिंदीत म्हणाले, "आपका भाई बहुत अच्छा कटर था, मॅडम. हमने उस दिन आधा दिन कारखाना बंद रखा." मग फाटकाकडे पाहत म्हणाले, "वो केस... सब प्यार से बुलाते थे. चार सुधाकर हैं यहाँ. पहचान के लिए."

मी त्यांना धन्यवाद म्हटले. पाण्यासाठी म्हटले की अर्ध्या दिवसासाठी, की आणखी कशासाठी, ते मला परतीच्या बसमध्येही ठरवता आले नाही. दुष्ट माणूस भेटेल अशी तयारी करून मी गेले होते.

रात्रीच्या जेवणाआधी कायदा पुन्हा वाचला. दिव्यांग माणसाचा अपमान करण्याच्या हेतूने, लोकांच्या नजरेसमोर, मुद्दाम केलेला अपमान हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे. सुधाकरने 'हेतू' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि समासात प्रश्नचिन्ह. म्हणजे त्यालाही प्रश्न पडला होता. मला जरा बरे वाटले, आणि जरा एकटेही.

बुधवार, नंजनगूडची गाडी

निळ्या साडीतली बाई म्हणजे मंजुळा, हे नारायणरावांनी सांगितले. ती नंजनगूडहून रोज रेल्वेने ये-जा करते, कारखान्यात काजे करते. "संध्याकाळच्या पॅसेंजरला सापडेल. मी येतो, भाषेला."

गाडी सुटता सुटता ती दिसली. खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा. मी कोण ते कळल्यावर तिने माझा हात धरून मला शेजारी बसवले. पुढचे सगळे बोलणे नारायणरावांच्या तोंडून झाले.

"तिला विचारा, सुधाकरनं तिला विचारून लिहिलं होतं का."

मंजुळा हसली. "अण्णांनी अगोदर लिहिलं, मग विचारलं. मी म्हटलं, माझं नाव काढा. काढलं."

"उद्या सुनावणीला येशील? तिथं बोलशील?"

"मग परवा कामावर कोण जाईल? तुम्ही?" हे सांगताना नारायणराव ओशाळले. "ती तशीच बोलते, अक्का. वाईट नाही."

"पण अशी हाक मारलेली लागत नाही का तिला?"

मंजुळेने बाहेर पाहिले. शेतांवर ऊन तिरपे झाले होते आणि उसाचे शेंडे पांढरे दिसत होते. "हाक आली की जायचं. दिवसातून किती वेळा लागून घेऊ?" मग ती आपणच बोलू लागली. "अण्णा लै हट्टी. पुकारलं तर उठायचेच नाहीत. कात्री चालूच. दोनदा, तीनदा. मग सुपरवायझर स्वतः यायचा, सुधाकर चला म्हणायचा. तेव्हा उठायचे. आम्ही सगळ्या हसायचो. बहिरे झाले काय अण्णा, म्हणायचो."

नंजनगूडला ती आमच्यासाठी देवळाबाहेरून केळी घेऊन आली. तिथली केळी बुटकी, पातळ सालीची, आंबटगोड. वास आधी येतो आणि चव मग. नारायणरावांनी चपला काढून दुरूनच गोपुराला हात जोडले. मी केळे हातात धरून उभी होते. ती येणार नाही, हे ठरले होते. तिला दोष द्यावा असेही वाटेना.

गुरुवार, सुनावणी

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात होती. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधलेली होती, चांगली रुंद. मोठे अधिकारी येणार म्हणून तिच्यावर दोन्ही बाजूंनी झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. मधून माणूस जाईल, खुर्ची जाणार नाही. चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ शांतपणे वाकून एकेक कुंडी बाजूला सरकवत वर चढत होते. नारायणरावांनी धावत जाऊन उरलेल्या सरकवल्या.

आयुक्त बाई चष्मा कपाळावर चढवून कागद वाचायच्या. सुधाकरचे नाव पुकारले गेले तेव्हा नारायणराव उठले आणि तो गेल्याचे सांगितले. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. बाईंनी तो नीट वाचला. त्या जे म्हणाल्या ते नारायणरावांनी मला हळू आवाजात सांगितले: शिक्षा देणं त्यांच्या हातात नाही, ते पोलीस आणि कोर्ट. ज्याचा अपमान झाला तोच नाही, म्हणजे तो भाग आता अवघड. पण कारखान्याची चौकशी त्या करू शकतात, काय सुधारायचं ते सांगू शकतात. त्याला कुणाच्या अर्जाची पण गरज नाही. त्या आपणहून पण चालवू शकतात.

मला सुटल्यासारखे वाटले. कुणाला पुढे यायलाच नको होते. मंजुळेलाही नको, मलाही नको.

मग कारखान्याच्या वतीने आलेला तरुण माणूस उठला. सुपरवायझर त्याच्या मागे बसले होते. तो बोलू लागला आणि नारायणराव सांगू लागले. "तो म्हणतो, अपमानाचा हेतू नव्हता. इकडं अशी पद्धत आहे. एका नावाची चार माणसं, म्हणून खूण. कुणाला उंच म्हणतात, कुणाला चष्मावाला. तो म्हणतो, खोटं वाटत असेल तर..."

नारायणराव थांबले. तो माणूस बोलतच होता, आता त्यांच्याकडे बोट करून. सभागृहातली माणसे मान वळवून आमच्याकडे पाहू लागली.

"काय म्हणतोय?" मी विचारले.

त्यांनी गळ्यातली टेप मुठीत धरली. "तो म्हणतो, अर्जदाराचा हा जो घरमालक, टेलर, त्याच्या मापाच्या वहीत पण तेच लिहिलंय. कुंटा सुधाकर. सुपरवायझर पँट शिवायला आलते, तेव्हा त्यांनी बघितलं."

"खरं आहे?"

"हौदु," ते म्हणाले. म्हणजे हो.

आयुक्त बाईंनीही तेच विचारले असावे, कारण ते त्यांच्याकडे वळून पुन्हा "हौदु" म्हणाले. मग दोघांत बोलणे झाले. प्रत्येक प्रश्न आणि आपले प्रत्येक उत्तर नारायणराव मला मराठीत सांगत राहिले. कुणी सांगितले नव्हते तरी त्यांनी एकही वाक्य गाळले नाही.

"विचारतात, त्या नावानं हाक मारत होतात का. मी म्हटलं नाही. हाक सुधाकर अशीच. विचारतात, मग वहीत का. मी म्हटलं ओळखायला. माझ्या बापानं असंच लिहिलं, मी पण लिहिलं. बहिरा, बुटका, असं." त्यांनी घाम पुसला. "विचारतात, अकरा वर्षं तुमच्या घरात जेवला. तुम्हाला ओळखू येत नव्हता?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगू अक्का. काही नाही सांगितलं."

बाई काही लिहीत होत्या. मग चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिले आणि एक छोटे वाक्य बोलल्या. नारायणरावांनी ओठ ओले केले.

"विचारतात, माझ्यावर पण तक्रार आहे का तुमची."

सभागृहातला पंखा करकरत होता. या माणसाने माझ्या भावासाठी पँटी शिवल्या, त्याचे शेवटचे पाणी त्याच्या तोंडात घातले. आणि याच माणसाने सोमवारी बोट ठेवून ती ओळ माझ्यापासून लपवली. सुधाकरने ती वाचली असेल का? दुकानात रोज बसत होता, कानडी वाचत होता, म्हणजे वाचली असणारच. मग त्याने कारखान्यावर अर्ज केला आणि इथे काहीच का बोलला नाही? त्याला लागले नाही म्हणून? की याच माणसाकडून लागले म्हणून? ज्याला हे विचारायचे तोच नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटले.

नारायणरावांनी माझ्याकडे पाहिले. मग बाईंकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाले, "गोत्तिल्ला." बाईंनी ते तसेच लिहून घेतले.

निर्णय दहा मिनिटांत झाला. उद्यापासून प्रत्येकाला नावाने पुकारायचे. धोरण आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव महिन्याच्या आत भिंतीवर लावायचे आणि तसे कळवायचे. नारायणरावांचा जबाब फाइलला लागला. 'ही पद्धत आमच्यात आहे, पण नावे गिऱ्हाइकाला विचारून लिहिलेली नाहीत,' असे शेवटचे वाक्य त्यांनी आपणहून घालायला लावले आणि खाली सही केली. अक्षर सुवाच्य होते.

आम्ही घरी आलो. उंबऱ्यात कमळाबाई म्हणाल्या, "ऊट तयार हाय." कोणी किती जेवले मला आठवत नाही.

शनिवार, दुकान

शुक्रवारी मी खोली आवरली. पुस्तके उतरवताना मला आमच्या शाळेतली देवघेवीची नोंदवही आठवली. एका वर्गात दोन पाटील होते, नावेही एकच. मी त्यांच्यातल्या एकापुढे कंसात 'तोतरा' लिहीत असे. वर्षभर लिहिले. पुस्तक घेताना तो वहीवर सही करी, म्हणजे दर वेळी ते वाची. आज तो कुठे असेल, कोण जाणे.

शनिवारी दुपारी दुकानात आले तर नारायणराव वही उघडून बसले होते. हातात लाल पेन. पानामागून पान, वरची ओळ खोडून बाजूला काहीतरी लिहीत होते. "बहिरा शिवण्णा. आता याला काय लिहू? फोन केला, तर त्याला ऐकू येत नाही. सून म्हणाली, लॉरीवाला शिवण्णा लिहा." सुधाकरच्या पानावर आले तेव्हा पेन थांबले. "तुम्ही सांगा अक्का. काय लिहू?"

"राहू दे," मी म्हटले. "पान मला द्या." त्यांनी टाके उसवावेत तसे ब्लेडने ते पान अलगद काढून दिले. वरची ओळ खोडलेली नव्हती. ते आता माझ्याजवळ, कायद्याच्या त्या प्रतीत आहे.

तेवढ्यात मंजुळा आली. शनिवारी तिला अर्धा दिवस असतो. ब्लाउज शिवायचा होता, म्हणाली, पण कापड आणलेच नव्हते. नारायणरावांनी तरी नवे पान काढले आणि विचारले, "नाव काय लिहू?"

नाव सांगायचे सोडून ती स्टुलावर बसली आणि कालची गोष्ट सांगू लागली, आणि नारायणराव मला.

"काल लाउडस्पीकरवर पुकारलं, मंजुळा, काज विभाग. मी काज करत बसलेले. परत पुकारलं, मंजुळा, काज विभाग. मी बसलेलीच. बघत होते, कोण उठतंय. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा शेजारणीनं कोपर मारलं. अगं, तू!"

सांगताना ती हसत होती. नारायणरावांचे शेवटचे शब्द मराठीत येईपर्यंत मात्र तिचे हसणे थांबले होते, आणि ती हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. नारायणराव पेन उघडून वाट पाहत राहिले.